अडवलेल्या पाणंदी आणि गाडीवाटा : कोल्हापूर जिल्ह्यातील ऑफ-रोड वाहनचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आहे. पाणंदीने, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटेने, ती नेण्याचा मला कायदेशीर हक्क आहे का?

ऑफ-रोड वाहनचालक म्हणून कोणताही वेगळा हक्क कायद्याने दिलेला नाही. हक्क असतो तो वाटेच्या स्वरूपातून आलेला. वाट सार्वजनिक गाडीमार्ग असेल, तर तिच्यावरून बैलगाडी, उसाचा ट्रॅक्टर आणि तुमची जीप या तिन्हींना जाता येते. वाट एखाद्याच्या खासगी शेतातून त्याच्या परवानगीने चालू असेल, तर ती परवानगी ज्यांना दिली तेवढ्यांपुरतीच राहते, आणि वाट वन खात्याची किंवा जलसंपदा विभागाची असेल, तर त्या खात्याचे नियम लागू होतात. म्हणून तक्रार लिहायला बसण्यापूर्वी ही वाट नेमकी कोणाची आणि कोणत्या प्रकारची, याचा निकाल लावणे आवश्यक आहे. वाट अडवली म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारी याच प्रश्नाचे उत्तर न शोधता केलेल्या असतात आणि तेथेच अडकतात.

वाट सार्वजनिक आहे हे कोणत्या कागदावरून ठरवावे?

सर्वांत आधी गाव नकाशा पाहावा. तो तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून प्रमाणित प्रतीच्या स्वरूपात मिळतो. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटांची (क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांची) आकृती दिसते आणि प्राथमिक अंदाजासाठी ती पुरेशी आहे. परंतु अर्जासोबत जोडायला प्रमाणित प्रतच हवी. गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. प्रचलित मापाप्रमाणे ग्रामीण गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. साडेसोळा फूट म्हणजे मोजणीच्या सहासष्ट फुटी साखळीचा चौथा हिस्सा आणि सव्वाआठ म्हणजे त्याचा निम्मा, त्यामुळे हे आकडे वाटतात तितके विचित्र नाहीत.

नकाशाखालोखाल महत्त्वाचे म्हणजे ज्या गटांच्या मधून किंवा कडेने वाट जाते त्या गटांचे सातबारा उतारे, फाळणीचे (पोटविभागणीचे) नकाशे आणि जुनी टिपणे, म्हणजे मूळ मोजणीची रेखाटने. गटवारी होण्यापूर्वीच्या सर्व्हे नंबरांचा नकाशाही मागून घ्यावा. एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करताना, गटांची फेररचना झाली तेव्हा काही वाटांचे चित्रण बदलले किंवा पुसट झाले, आणि जुन्या नकाशावर ठळक असलेली वाट नव्या नकाशावर शोधावी लागते. याखेरीज ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडील ग्रामीण मार्गांची यादी पाहावी. वाटेला ग्रामीण मार्ग क्रमांक पडलेला असेल किंवा तिच्यावर कधी मुरूम टाकण्याचा खर्च शासकीय निधीतून झालेला असेल, तर अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. ग्रामपंचायतीने माहिती देण्यास टाळाटाळ केली, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा; उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

करवीर, पन्हाळा, भुदरगड या भागांतील काही वाटा संस्थानकाळापासूनच्या आहेत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याआधीचे कागद पुष्कळदा मोडी लिपीत आहेत. कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात संस्थानी दप्तरे जतन केलेली आहेत. मात्र तिकडे जाण्याची वेळ फार थोड्या प्रकरणांत येते, आणि मोडी वाचणारी जाणकार व्यक्ती सोबत नसेल तर त्या फेरीचा उपयोग होत नाही.

सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नाही, म्हणून रस्ताच नाही, असे जमीनमालक सांगतात. हे खरे आहे का?

हे अर्धसत्य आहे. गाव नकाशावर दोन गटांच्या मधून स्वतंत्रपणे दाखवलेला गाडीमार्ग कोणत्याच गटाच्या क्षेत्रात धरलेला नसतो, त्यामुळे तो कोणाच्याच सातबाऱ्यावर येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा, ज्या दुसऱ्या कोणाची मालमत्ता नाहीत, त्या राज्य शासनाच्या असतात. सातबाऱ्यावर नोंद नसणे हा अशा वेळी मालकाच्या बाजूचा पुरावा ठरत नाही, उलट ती जमीन त्याची नाही असेच त्यातून दिसते.

वाट गटाच्या आतून जात असेल, तर सातबाऱ्यावरील पोटखराबाचा रकाना पाहावा. पोटखराब वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, ओढा, तलाव अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेले क्षेत्र. त्यावर आकारणी नसते आणि ते लागवडीखाली आणता येत नाही. मालकाने तेथे ऊस लावला असेल, तरी त्या उसामुळे त्या क्षेत्राचे स्वरूप बदलत नाही. तिसरी जागा म्हणजे ‘इतर हक्क’ हा रकाना. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद इतर हक्कात घ्यावी, असे धोरण जाहीर केले. त्यामुळे अलीकडच्या आदेशांनंतर खुल्या झालेल्या वाटा त्या रकान्यात सापडण्याची शक्यता वाढली आहे.

गुगलच्या नकाशावर वाट स्पष्ट दिसते. तो पुरावा चालेल का?

हक्काचा पुरावा म्हणून चालणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर, म्हणजे स्थलदर्शक नकाशावरही (आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग ४७ एच आणि ४७ एल या पत्रकांत, तर चंदगडकडचा दक्षिण भाग ४८ आयमध्ये येतो) गाडीवाट दाखवलेली असली, तरी त्यातून जमिनीवर वाट होती एवढेच सिद्ध होते. ती सार्वजनिक होती की खासगी, हे नाही. तथापि उपग्रह चित्रांचा जुना संग्रह दुसऱ्या कामासाठी फार उपयोगी आहे. वाट पूर्वी होती आणि ठरावीक काळात बंद झाली, हे त्यावरून दाखवता येते, आणि पुढे येणाऱ्या सहा महिन्यांच्या मुदतीच्या संदर्भात तो मुद्दा निर्णायक ठरू शकतो. चित्रे पाहताना उन्हाळ्यातील, म्हणजे गळीत हंगाम संपल्यानंतरची निवडावीत. ऑगस्टमधील चित्रात वाढलेल्या उसाखाली पाणंद दिसतच नाही.

नकाशावर पायमार्ग आहे. लोक मोटारसायकली नेतात. जीप नेली तर चालेल का?

नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यासारख्या हक्कांबाबतच्या भारतीय वहिवाटीचे हक्क अधिनियम, १८८२ च्या कलम २८ मध्ये हे तत्त्व आहे की एका प्रकारच्या जाण्यायेण्याच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क अंतर्भूत होत नाही. पायी जाण्याच्या वहिवाटीतून वाहन नेण्याचा हक्क निघत नाही. पायमार्गाच्या तोंडाशी कोणी दोन दगडी खांब असे रोवले असतील की माणूस आणि जनावर जाईल पण चारचाकी जाणार नाही, तर तो अडथळा आहे असे म्हणणे कठीण आहे, आणि अशा ठिकाणी तक्रार करू नये असे आमचे मत आहे. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणाऱ्या जुन्या वाटेचे कित्येक टप्पे या प्रकारात मोडतात.

वाटेत अचानक काटेरी फांद्या, चर किंवा कुलूपबंद फाटक आढळले. त्या क्षणी काय करावे?

वाहन थांबवावे आणि शेजारच्या पिकातून वळसा घालू नये. हे वाचायला सोपे वाटते, पण बांध ओलांडून एकदा उसात चाक घातले की तक्रारदार तुम्ही राहत नाही, आरोपी होता. अडथळ्याची छायाचित्रे दोन्ही बाजूंनी घ्यावीत आणि त्यात आजूबाजूची ओळखता येण्याजोगी खूण, म्हणजे विहीर, विजेचा खांब, देऊळ किंवा बांधावरचे मोठे झाड, यावे अशी काळजी घ्यावी. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश नोंदवावेत. ही छायाचित्रे पुढे न्यायालयात वापरायची झाल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे मूळ फाइल काढून टाकू नये.

त्यानंतर शेतात कोणी असल्यास नम्रपणे विचारावे. वाट का बंद केली, कधीपासून, आणि दुसरी वाट कोठून आहे, एवढे तीन प्रश्न पुरे आहेत. काही वेळा उत्तर अगदी साधे असते: पाइपलाइनसाठी चर खणला आहे आणि दोन दिवसांत बुजवणार आहेत, किंवा मोकाट जनावरे पिकात येतात म्हणून रात्रीपुरत्या फांद्या लावल्या आहेत. पहिल्या भेटीत कायद्याचे कलम सांगू नये. ज्याच्याशी बोलत आहात त्याच्या पिढ्या त्या बांधावर गेलेल्या असतात, आणि गावाबाहेरच्या चार गाड्या येऊन कलमे सांगू लागल्या की उद्या उघडणारी वाटही अडून बसते.

अडथळा बेकायदेशीर असेल, तर विंचने (गाडीला बसवलेल्या दोर ओढण्याच्या यंत्राने) तो स्वतः बाजूला काढता येईल का?

काढू नये. वहिवाटीचा हक्क असलेल्या माणसालाही अडथळा स्वतःच्या हाताने दूर करण्याची मुभा १८८२ च्या अधिनियमाच्या कलम ३६ ने दिलेली नाही. मग केवळ प्रवासी असलेल्याला ती कोठून मिळणार? फाटक तुटले, तार कापली गेली किंवा खांब उपटला गेला, तर भारतीय न्याय संहितेखाली मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि गाडीच्या कॅमेऱ्यातील चित्रफीत तुमच्याच विरुद्ध पुरावा बनते. वाऱ्याने पडलेले झाड किंवा दरडीचे दगड ही वेगळी बाब आहे. ते बाजूला सारताना कोणाच्या हक्काचा प्रश्न येत नाही. मात्र पडलेल्या झाडाचे लाकूड गाडीत भरून आणू नये, विशेषतः वनहद्दीजवळ.

तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, कारण तुम्ही कोण आहात आणि वाट कोणती आहे यावर कार्यालय ठरते. चुकीच्या दारात गेलेला अर्ज महिनोन्‌महिने टपालात फिरतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे योग्य होईल.

वाट गावठाणातील किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातील असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा आणि अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार पंचायतीला आहे. अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. पंचायतीने काहीच केले नाही, तर त्याच कलमाखाली जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा अर्जावरून कारवाई करू शकतात. गावातीलच माणसाविरुद्ध कारवाई करायला पंचायत कचरते, ही वस्तुस्थिती आहे. निवडणूक जवळ असेल तर अधिकच. म्हणून पंचायतीला वाजवी मुदत देऊन पुढच्या पायरीची तयारी ठेवावी.

वाट शिवारातील असेल आणि गाव नकाशावर शासकीय गाडीमार्ग म्हणून दाखवलेली असेल, तर तहसीलदारांकडे अतिक्रमणाची तक्रार करावी. शासनाच्या जमिनीवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार महसूल अधिनियमाच्या कलम ५० मध्ये आहे. वाट शासनाची की खासगी, यावरच वाद असेल, तर कलम २० च्या पोटकलम २ खाली रीतसर चौकशी होऊन निर्णय दिला जातो. प्रत्यक्षात ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि मंडळ अधिकारी जागेवर जाऊन पंचनामा करतात, आणि हद्दीबाबत शंका असेल तर भूमी अभिलेख विभागाची मोजणी मागवली जाते. पंचनाम्याच्या वेळी हजर राहणे तुमच्या हिताचे आहे. हजर नसलेल्या तक्रारदाराच्या बाजूने पंचनामा क्वचितच बोलतो.

सार्वजनिक वाटेवरील अडथळ्यामुळे लोकांची सर्वसाधारण गैरसोय होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडचे प्रांताधिकारी, अडथळा काढण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ ते हेच. या मार्गाचा गुण असा की अर्जदार जमीनधारक असण्याची आवश्यकता नाही. मात्र समोरच्याने वाट सार्वजनिक असल्याचेच नाकारले आणि त्याला विश्वासार्ह आधार दाखवला, तर तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि येथील कार्यवाही थांबते.

मामलतदार न्यायालयात दावा लावा असे सगळे सुचवतात. आम्ही तो लावू शकतो का?

बहुधा नाही, आणि येथे पुष्कळ गैरसमज आहे. मामलतदार म्हणजे आजचे तहसीलदार; मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ अडवलेल्या वाटांसाठी खरोखरच सर्वांत वेगवान साधन आहे. परंतु त्यातील संरक्षण शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीचा कब्जा असणाऱ्याला, त्या जमिनीकडे जाणाऱ्या रस्त्यांबाबत किंवा परंपरागत वाटांबाबत दिलेले आहे. रविवारी कोल्हापुरातून गाडी घेऊन आलेल्या चालकाची तेथे जमीन नसते, त्यामुळे तो वादी होऊ शकत नाही.

ज्या शेतकऱ्यांची शेते त्या पाणंदीवर आहेत, ते मात्र होऊ शकतात, आणि त्यांना ती वाट तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक निकडीने हवी असते. तोड आलेला ऊस पाणंद अडल्यामुळे शेतातच वाळत असेल, तर त्या शेतकऱ्याचे होणारे नुकसान आणि तुमचा चुकलेला फेरफटका यांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की नकाशाची प्रमाणित प्रत, छायाचित्रे आणि जुनी उपग्रह चित्रे तुम्ही जमवावीत आणि दावा त्यांनी लावावा. खर्चाला हातभार लावण्यातही गैर काही नाही. वाट खुली करण्याचा आदेश त्यांच्या नावाने झाला आणि ती मूळची सार्वजनिक असेल, तर तिचा लाभ सर्वांनाच होतो.

मुदतीबाबत सावध राहावे. दाव्याचे कारण घडल्यापासून, म्हणजे वाट अडवल्यापासून, सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. जूनमध्ये पेरणीच्या वेळी बंद झालेल्या वाटेची जाणीव तोडीच्या वेळी, डिसेंबर-जानेवारीत होते, आणि तोवर मुदत संपत आलेली किंवा संपलेली असते. आपल्या भागातील कितीतरी चांगली प्रकरणे या एका कारणाने फेटाळली जातात.

कलम १४३ खाली रस्ता मागणे म्हणजे वेगळे काही आहे का?

पूर्णपणे वेगळे आहे. मामलतदार न्यायालयाचा मार्ग अस्तित्वात असलेली वाट अडवल्यावर वापरायचा. महसूल अधिनियमाचे कलम १४३ हे ज्या शेताला वाटच नाही अशा शेताच्या धारकाला इतरांच्या बांधावरून वाट मिळवून देण्यासाठी आहे. तहसीलदार त्यात शेतकऱ्याची गरज आणि समोरच्याचे कमीत कमी नुकसान पाहतात. या निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. ऑफ-रोड वाहनचालकाचा या कलमाशी संबंध येत नाही. उलट अशी वाट विशिष्ट शेतासाठी दिलेली असते, म्हणून ती सार्वजनिक समजून वापरू नये.

आम्ही वीस वर्षे याच वाटेने जात आहोत. वहिवाटीने हक्क मिळाला नाही का?

वीस वर्षांचा नियम १८८२ च्या अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे. वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता झालेला असला पाहिजे, आणि शासनाच्या जमिनीबाबत वीसऐवजी तीस वर्षे धरली जातात. पण असा हक्क एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर मिळतो. जमीन नसलेल्या गटाला तो मिळत नाही. शिवाय वर्षातून दोन-चार वेळा, तेही शेतकऱ्याला हात करून आणि त्याच्या संमतीने जाणे हा हक्क म्हणून केलेला वापर नव्हे, तर परवानगीने केलेला वापर आहे. एखाद्या गावाचा किंवा समाजाचा रूढीने चालत आलेला हक्क कलम १८ खाली मान्य होतो, मात्र तो सिद्ध करायचा तर साक्षीदार गावातीलच लागतात.

दाजीपूर, आंबा, चंदगड या भागांत वन खात्याने फाटके लावली आहेत. तीही अडवणूकच नाही का?

बहुतेक वेळा नाही. राधानगरी अभयारण्यात, ज्याला आपण सवयीने दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य म्हणतो, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. त्याच्या कलम २७ नुसार परवान्याशिवाय प्रवेश करता येणाऱ्यांच्या यादीत अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून प्रवास करणारी व्यक्ती आहे. म्हणजे राधानगरीहून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या वाहतुकीच्या रस्त्याने जाणे आणि त्या रस्त्यावरून फुटणाऱ्या मुरमाड जंगलवाटेने आत शिरणे, या दोन गोष्टींत कायद्याने मोठा भेद केला आहे. आतील वाटांसाठी पर्यटनाचा परवाना, ठरलेले वाहन आणि ठरलेली वेळ हे नियम पाळावेच लागतात, आणि पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते.

राखीव वनातील परिस्थिती थोडी निराळी आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ तेथील अनधिकृत प्रवेशाला प्रतिबंध करते, तर कलम २५ नुसार राखीव वनातील सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करायची असेल, तर वाजवी सोयीची पर्यायी वाट असली पाहिजे किंवा उपलब्ध करून दिली पाहिजे. जुनी गाव-ते-गाव गाडीवाट वनहद्दीत येते आणि ती पूर्णपणे बंद झाली आहे, असे असेल तर हे कलम उपयोगी पडते. तरीही अर्ज त्या गावच्या ग्रामसभेने केलेला असावा. धनगरवाड्यावरील आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी वाट हवी, हे कारण आणि चिखलात गाडी घालायला वाट हवी, हे कारण यांपैकी वनाधिकारी कशाकडे लक्ष देतील हे सांगायला नको.

मसाई पठारासारख्या मोकळ्या सड्यावर कोणतेही कुंपण नसते. तेथे कोठूनही गाडी नेता येते ना?

कुंपण नसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे, आणि दर्जा नसलेली पठारेही कोणाची तरी आहेत: शासनाची, गायरान म्हणून गावाची, देवस्थानाची किंवा खासगी खातेदारांची. जांभ्या खडकाच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या वनस्पती त्याच थरात जगतात. एका जड गाडीचे चाक घसरले की तो थर खरवडून निघतो आणि पुढची अनेक वर्षे तो व्रण दिसत राहतो. अशा ठिकाणी प्रवेश बंद झाल्यास आम्ही तक्रार करण्यास मदत करत नाही. चर खणून गाड्या अडवण्याची पाळी प्रशासनावर का आली, हे पठारावरील चाकोऱ्या पाहिल्या की समजते.

धरणाच्या काठावरील किंवा कालव्याकडेच्या रस्त्याचे काय?

तो जलसंपदा विभागाचा निरीक्षण मार्ग असतो, सार्वजनिक रस्ता नव्हे. काळम्मावाडी किंवा तुळशी धरणाच्या पाणलोटात उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीनही संपादित शासकीय जमीन आहे. विभागाची लेखी परवानगी घ्यावी. फाटक बंद असल्यास परत फिरावे.

वाट सोडण्यासाठी काही ठिकाणी पैसे मागितले जातात. ते द्यावेत का?

ग्रामपंचायतीने रीतसर ठराव करून पावती देऊन वाहनतळाचे किंवा स्वच्छतेचे शुल्क घेतले असेल, तर ते द्यावे. खासगी शेतातून जाऊ देण्याबद्दल मालकाने मोबदला मागितला, तर तो त्याचा अधिकार आहे. पटला तर द्यावा, नाही तर वळावे. नकाशावरील सार्वजनिक गाडीमार्गावर दोरी बांधून कोणी पैसे मागत असेल, तर मात्र वाद न घालता पैसे देण्याचे टाळावे आणि लेखी तक्रार करावी. एकदा दिलेली रक्कम पुढे, ही वाट खासगी असल्याचे यांनीच मान्य केले, अशा युक्तिवादासाठी वापरली जाऊ शकते.

पोलिसांत तक्रार केल्यास उपयोग होतो का?

मर्यादित होतो. सार्वजनिक मार्गावर अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एखाद्याला जाण्याचा हक्क असलेल्या दिशेने जाण्यापासून रोखणे हा कलम १२६ खाली गुन्हा आहे, परंतु त्याच कलमात एक अपवाद आहे: खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे, असे सद्भावनेने मानणाऱ्याने ती अडवली तर तो गुन्हा ठरत नाही. त्यामुळे वाटेचे स्वरूपच वादात असेल, तर ठाणे अंमलदार हा महसुली वाद आहे असे सांगून तहसीलकडे पाठवतात, आणि त्यांचे ते म्हणणे चुकीचे नसते. शिवीगाळ, मारहाण किंवा गाडीवर दगडफेक झाली असेल, तर गोष्ट वेगळी; तेथे ११२ वर तत्काळ कळवावे.

शेतकरी म्हणतात, तुमच्या गाड्यांनी पाणंद खराब होते, म्हणून आम्ही ती बंद केली. यावर काय उत्तर द्यावे?

बंद करण्याचा अधिकार त्यांना नाही. पण तक्रार खरी आहे. जून ते सप्टेंबर या काळात गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या तालुक्यांच्या पश्चिम भागात पाणंदीची माती पाण्याने फुगलेली असते. रुंद नक्षीचे टायर लावलेल्या पाच-सहा गाड्या एकापाठोपाठ गेल्या की गुडघाभर चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी दूध घालायला निघालेला माणूस मोटारसायकलसह पडतो. त्याने तिसऱ्या दिवशी फांद्या आणून टाकल्या, तर कायदा तुमच्या बाजूने असला तरी गाव त्याच्या बाजूने असते, आणि पंचनाम्यावर सह्या गावाच्याच होतात.

व्यवहार्य मार्ग असा की मातीच्या पाणंदी पावसाळ्यात टाळाव्यात, एका वेळी तीनपेक्षा अधिक गाड्या नेऊ नयेत आणि नुकसान झालेच तर त्याच आठवड्यात दोन ट्रॉली मुरूम टाकून द्यावा. पाणंद पक्की व्हावी यासाठी २०२१ च्या शासन निर्णयाने सुरू झालेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आहे. तिच्या प्रस्तावासाठी ग्रामसभेचा ठराव आणि अतिक्रमणमुक्त वाट लागते, त्यामुळे अडथळा काढण्याचा आग्रह गावातूनच येऊ लागतो. पाणंद पक्की झाली की ती ऑफ-रोड राहत नाही, अशी कुरकुर काही चालक करतात. त्यावर आमच्याकडे उत्तर नाही.

सार्वजनिक वाट कायमची बंद करता येते का?

येते, पण रीतसर. महसूल अधिनियमाच्या कलम २१ खाली, लोकांना आवश्यक नसलेल्या सार्वजनिक वाटेवरील हक्क संपुष्टात आणण्याची कार्यवाही जिल्हाधिकारी करू शकतात. त्यासाठी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. वाट बंद झाल्याचे कोणी सांगितले, तर त्या अधिसूचनेची प्रत मागावी. ती नसेल, तर कागदावर वाट जिवंत आहे. तात्पुरते निर्बंध हा निराळा प्रकार आहे. अतिवृष्टीत धबधब्यांकडे आणि घाटवाटांकडे जाण्यास जिल्हा प्रशासन मनाई करते, ती पाळणे बंधनकारक आहे.

निर्णय विरुद्ध गेला तर पुढे कोठे जावे?

मामलतदार न्यायालयाच्या निर्णयावर अपील नाही. कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो आणि व्यवहारात तो प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतो. दिवाणी न्यायालयाचा मार्ग दोन्ही बाजूंना खुला असतो, आणि तेथील हुकूम होईपर्यंत मामलतदारांचा आदेश अमलात राहतो. जमीनधारक नसलेल्यांना सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली, न्यायालयाच्या परवानगीने, किमान दोघांनी मिळून दावा लावता येतो. उच्च न्यायालयात रिट करायचे असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागले आहे. पूर्वी यासाठी वकिलासह मुंबई गाठावी लागे. तरीही एका पाणंदीसाठी तेथवर जाण्याआधी गावच्या तंटामुक्ती समितीपुढे एक बैठक घ्यावी.

वाट खुली करण्याचा आदेश झाला, अडथळा निघाला, आणि महिन्याभरात तो पुन्हा उभा राहिला. आता नव्याने दावा करावा का?

नव्याने दावा करण्याची गरज नाही. मामलतदार न्यायालयाने दिलेल्या मनाई आदेशाचा भंग हा दंडनीय अपराध आहे. मूळ वादीने, म्हणजे त्या शेतकऱ्याने, त्याच प्रकरणात आदेशभंगाचा अर्ज द्यावा आणि अंमलबजावणीसाठी पोलीस बंदोबस्त मागावा. महसूल अधिनियमाखाली अतिक्रमण काढले गेले असेल, तर तहसीलदारांना आधीच्या पंचनाम्याचा संदर्भ देऊन कळवावे. आदेशाची नोंद इतर हक्कात झाली आहे की नाही, हे पाहण्याची हीच वेळ असते. जमीन विकली गेली तर नवा मालक आपल्याला आदेश माहीतच नव्हता असे म्हणतो, आणि नोंद असेल तर ते म्हणणे टिकत नाही. मोजणी होऊन हद्दीच्या खुणा बसल्या असतील, तर त्यांची छायाचित्रेही ठेवावीत, कारण नांगरणीच्या हंगामात त्या खुणा जागेवरून हलतात.

पाणंदीवर अपघात झाला तर विमा मिळतो का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील सार्वजनिक स्थळाच्या व्याख्येत लोकांना प्रवेशाचा हक्क असलेला कोणताही रस्ता किंवा वाट येते, मग ती डांबरी असो वा मातीची. म्हणून पाणंदीवरही वाहन चालवण्याचा परवाना, नोंदणी आणि तृतीय पक्ष विमा आवश्यक आहे. गाडीची उंची वाढवणे, मोठे टायर किंवा लोखंडी बंपर बसवणे असे फेरफार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय केले असतील, तर कलम ५२ चा भंग होतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला कारण मिळते. स्पर्धा किंवा शर्यतीतील नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत वगळलेले असते. त्यामुळे कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘शर्यत’ असा शब्द छापण्यापूर्वी पॉलिसीच्या अटी वाचून घ्याव्यात.